थांबा, मोठ्यावर लावतो

फोनवर आलेला फोटो लोक साधारणपणे फोन पुढे करून दाखवतात. आपण तो हातात घेतो, "वा, छान" म्हणतो, चुकून बोट लागून पुढचा फोटो सरकतो, त्यात कुणाचं तरी आधार कार्ड निघतं, आपण घाईनं फोन परत करतो आणि विषय संपतो. नानाकाकांकडे असं होत नाही. कुणी नुसतं विचारायचा अवकाश, "काका, मुंजीचे फोटो आले का हो?" की ते फोन छातीशी धरतात आणि म्हणतात, "थांबा, मोठ्यावर लावतो."

मोठा म्हणजे हॉलमधला 55 इंची टीव्ही. हे वाक्य उच्चारलं गेलं की पुढचा बराच वेळ त्या घरात कुणालाही काहीही दिसत नाही.

असे नानाकाका आता बहुतेक घराण्यांत एकेक झाले आहेत. वय साठीच्या पुढे, पेन्शन वेळेवर, गुडघे कुरकुरणारे. कुठे ते मामा असतात, कुठे व्याही, सोसायटीत असले तर हमखास सेक्रेटरी. आमच्या वाट्याला आलेले कोथरूडला राहतात आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत. एखादी गोष्ट घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी पाहिली नाही तर ती पाहिली असं म्हणताच येत नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. फोन हातोहात फिरतो, पहिला हसून मोकळा होतो, तिसरा "काय, काय?" करत बसतो, आणि कोपऱ्यातल्या आजीपर्यंत फोन पोहोचेतो त्याचा उजेड गेलेला असतो, हे त्यांना सहन होत नाही. "छोट्यात मजा नाही," ते म्हणतात. मजा सगळ्यांना सारखी मिळावी यासाठी ते सगळ्यांना सारखंच ताटकळत ठेवतात.

विधी ठरलेला आहे. आधी ट्यूबलाइट बंद. मग पंखा एकवर. पंख्याचा आणि वायरलेसचा काय संबंध, हे विचारायचं नाही. आमच्यातल्या एका इंजिनियर भाच्यानं विचारलं होतं, त्याला अजून ऐकवतात. मग टीपॉयखालून रिमोट. तो प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पिशवीला रबर आहे, आणि तो पिशवीतूनच दाबायचा आहे. चष्मा कपाळावरून नाकावर येतो. शेवटी जमलेल्या मंडळींकडे नजर टाकून प्रश्न: "तुम्ही सगळे आमच्या वायफायवर आहात का? मग जरा उतरा."

आम्ही उतरतो.

फोनची वरची पट्टी खाली ओढली की त्यात टीव्हीला जोडायचं बटण असतं. फक्त त्याचं नाव प्रत्येक फोनमध्ये वेगळं. कुठे स्मार्ट व्ह्यू, कुठे कास्ट, कुठे स्क्रीनकास्ट, कुठे वायरलेस डिस्प्ले. एकाच माणसाला इतकी नावं असती तर पोलिसांनी उचलला असता, असं काकांचं म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. कारण यातली बरीचशी नावं घेऊन आत वावरणारा इसम बहुधा एकच असतो, मिराकास्ट. वाय-फाय अलायन्स नावाच्या कंपन्यांच्या संघटनेनं तो 2012 मध्ये बाजारात आणला. त्याची खुबी अशी की फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेट तर नाहीच नाही. हे मी काकांना सांगितलेलं आहे. त्यांना ते पटलेलंही आहे. तरीही प्रत्येक वेळी ते उठून राउटरचं बटण बंद करतात, मनात काहीतरी मोजतात आणि पुन्हा चालू करतात. "असू दे. त्याला जरा जाग येते."

मग पडद्यावर एक गोल फिरायला लागतो. खाली लिहिलेलं असतं, शोधत आहे. फोन टीव्हीला शोधत असतो, टीव्ही फोनची वाट बघत असतो, दोघांमधलं अंतर साडेतीन फूट. या काळात जे शब्द काकांच्या तोंडून येतात ते या जातीच्या प्रत्येक माणसाच्या तोंडून येतात. महाराष्ट्रात कुठेही जा, फरक नाही.

"काल लागलं होतं."

यावर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "काल कुणी आलं नव्हतं म्हणून लागलं."

हा माणूस अचानक तयार झालेला नाही, हेही सांगायला हवं. 1980 नंतरच्या काही वर्षांत, सदाशिव पेठेतल्या वाड्यात एकच टीव्ही होता तेव्हा, कौलांवर चढायचं काम नानाकाकांकडे असे. टीव्ही लाकडी शटरचा, खालच्या मजल्यावर. अँटेना वर, तोंड सिंहगडाकडे, कारण मनोरा तिथे. काका वरून ओरडायचे, "आलं का?" जिन्यातला पोरगा तेच आत ओरडायचा. आतून उत्तर निघायचं, "मुंग्या आहेत!" ते जिन्यातून वर जाईपर्यंत मुंग्या गेलेल्या असायच्या आणि काकांनी दांडा पुन्हा फिरवलेला असायचा. कधीतरी आतून एकदम गलका उठायचा, "आलं, आलं! आता हलू नकोस!" मग काका हलायचे नाहीत. 1987 मध्ये रविवारी सकाळी रामायण सुरू झालं तेव्हा काकांनी ते बरंचसं असं कौलांवरून ऐकलं आहे. पुलाच्या कामाच्या वेळी वानरांचं काय चाललं होतं, हे त्यांना आवाजावरून माहीत आहे.

त्यानंतर गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणायचे दिवस आले, तेव्हा व्हीसीआरवाल्याच्या शेजारी उभं राहून डोकं लावणारे काकाच. मग हँडीकॅमची पिवळी, तांबडी, पांढरी पिन. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या, हे घरात फक्त त्यांना पाठ. पण नव्वदच्या दशकात केबल पसरली, चित्र आपोआप स्वच्छ दिसायला लागलं आणि अशा माणसांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. लोक टीव्ही लावायचे आणि तो लागायचा. यात कर्तबगारी दाखवायला जागा कुठे? मधली कितीतरी वर्षं काकांनी नुसतं रिमोटच्या सेलना दातानं चावे घेऊन काढली. स्मार्ट टीव्ही आला आणि त्यांच्या हाताला पुन्हा काम मिळालं. मला तर वाटतं, हे मिररिंग, म्हणजे फोनचा पडदा टीव्हीवर उमटवणं, जितकं निमूटपणे चालायला हवं तितकं चालत नाही, यातच त्यांचं सुख आहे.

तर, लागतं. कधीतरी लागतंच. टीव्हीवर काकांचा फोन जसाच्या तसा उमटतो. सगळे "आलं, आलं" म्हणतात. म्हणजे काय येतं? मधोमध एक उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख. फोन उभा, टीव्ही आडवा, फोटोही उभेच काढलेले. 55 इंचांतले धड वीस इंचही कामाला येत नाहीत. त्या पट्टीत काका-काकूंच्या यात्रेतलं बद्रीनाथाचं देऊळ, देवळापुढे काकू, काकूंपुढे काकांचं बोट. काका फोन आडवा करतात. चित्र उभंच राहतं, कारण ते आपोआप फिरण्याची सोय त्यांनी झोपून वाचताना त्रास होतो म्हणून बंद केलेली आहे. ती चालू करतात तेव्हा देऊळ आडवं होतं आणि आमच्या माना उजव्या खांद्यावर पडतात. थोड्या वेळानं कुणालाच मान सरळ करावीशी वाटत नाही.

शिवाय या प्रकारात एक अंगचा उशीर असतो. फोन आपल्या पडद्यावरचं प्रत्येक चित्र आवळून, हवेतून टीव्हीकडे धाडतो. टीव्ही ते सोडवून दाखवतो. यात क्षणभर जातो. क्षणभराचा धीर काकांकडे नाही. ते बोटानं फोटो सरकवतात आणि मान वर करून टीव्हीकडे बघतात. टीव्हीवर जुनाच फोटो. म्हणून पुन्हा सरकवतात. मग दोन फोटो एकदम पळतात. "अरे, तो राहिला!" म्हणून मागे येतात, ते दोन मागे येतात. अशा रीतीनं आम्ही केदारनाथला चार वेळा पोहोचलो आणि जोशीमठ शेवटपर्यंत पाहिलं नाही.

एका रविवारी आम्ही पाच-सहा जण असेच फोटो बघत होतो. ऋषिकेशचा झुला चालू होता. काका सांगत होते की हा झुला कसा हलतो, आणि तो खरोखरच हलत होता, कारण सिग्नल. इतक्यात पडद्याच्या वरच्या बाजूनं एक पांढरी पट्टी खाली उतरली. पट्टीवर काकूंचा डीपी, तुळशीपाशी काढलेला. आणि त्यापुढे, 55 इंची अक्षरांत:

"दूध संपलंय. चहाचं विचारू नका."

काकू स्वयंपाकघरात होत्या. अंतर फार तर पंधरा पावलं. पण पाहुण्यांसमोर ओरडून सांगणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी अत्यंत शालीनपणे व्हॉट्सॲप केलं होतं. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. झुला हलत राहिला. तेवढ्यात दुसरी पट्टी उतरली.

"आणि सांगा आत्ताच झाला म्हणून."

आमच्यातल्या आत्यांनी सर्वांत आधी भान सांभाळलं. घसा साफ करून त्या म्हणाल्या, "चहाचं मात्र काही करू नका हं, आम्ही निघतानाच घेतलाय." बाकीच्यांनी जोरजोरात माना हलवल्या. काका एकटे फोनकडे बघत होते. चष्मा कपाळावर गेला होता, त्यामुळे त्यांना पट्टी दिसलीच नव्हती. ते मोठ्या आवाजात आत ओरडले, "अगं, सगळ्यांना चहा टाक!"

नंतर मी त्यांच्या फोनवर डू नॉट डिस्टर्ब लावून दिलं. त्यानं पट्ट्या थांबल्या, तशी घंटाही थांबली, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकरवाला खालून फोन करून करून निघून गेला. काकांनी ती सोय कायमची काढून टाकली. माणसाचा फोन येणं बंद करून फोटो बघायचे, ही कल्पनाच त्यांना अमानुष वाटते.

काकूंचं या सगळ्याबद्दलचं धोरण समजायला मला वेळ लागला. त्या कधी विरोध करत नाहीत. पण फोटोंचा कार्यक्रम लांबला, मंडळी जांभया द्यायला लागली, की आतून मायक्रोवेव्हचा घूं आवाज येतो आणि टीव्हीवरचं चित्र चौकटीचौकटींत फुटायला लागतं. गंगेचे चौकोन, घाटाचे चौकोन, मग सगळंच गोठतं. काका ओरडतात, "अगं, तो मायक्रोवेव्ह बंद कर!" यात अंधश्रद्धा मुळीच नाही. मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि जुन्या पद्धतीचं वायफाय त्याच्याच शेजारी, 2.4 वर. ओव्हनचं दार कितीही घट्ट लावलं तरी थोडी गळती होते आणि तेवढी त्या बिचाऱ्या सिग्नलला पुरते. काकूंना गिगाहर्ट्झ माहीत नाहीत. त्यांना इतकंच कळलेलं आहे की दोन मिनिटं नुसतं वाटीभर पाणी गरम केलं की बद्रीनाथ बंद होतो. मी आत जाऊन पाहिलं तेव्हा ओट्यावर गरम पाण्याच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. काकू माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "सांगू नकोस हं."

मॅच किंवा सिनेमा लावायला घेतला तर निराळीच तऱ्हा. मुलानं काकांना फोनपुरती स्वस्त योजना घेऊन दिली आहे. काका सिनेमा सुरू करतात, मोठ्यावर लावतात, आणि आवाज यायला लागतो. नुसताच आवाज. पडदा काळा कुळकुळीत. सिनेमा कुणी टीव्हीवरून उतरवून घेऊ नये म्हणून त्याला कुलूप असतं आणि ते कुलूप मिररिंगला ओळखतं. ज्या वाटेची हमी नाही तिथे चित्र पाठवतच नाही. आम्ही अंधारात बसून नायिकेचं रडणं ऐकतो. "आकाशवाणी पुणे," काका म्हणतात, आणि तरीही लगेच बंद करत नाहीत. कौलांवरच्या दिवसांची सवय.

त्या इंजिनियर भाच्यानं एकदा त्यांना यातून सोडवायचा मनापासून प्रयत्न केला. म्हणाला, "काका, तुम्ही मिररिंग करताच कशाला? कास्ट करा." मग कागदावर चौकोन काढून त्यानं समजावलं. मिररिंगमध्ये सगळी हमाली फोनला करावी लागते, म्हणून तो तापतो, बॅटरी संपते, चित्र अडखळतं. कास्टमध्ये फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो की अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे; मग टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून तो आणतो. फोन खिशात टाका, कुणाशी बोला, तिकडे व्हिडिओ चालूच. 2013 मध्ये गूगलनं क्रोमकास्ट नावाची बोटभर वस्तू काढली ती याच तत्त्वावर.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे टीव्ही त्याचं तो आणतो?"

"हो."

"आणि मी?"

"तुम्ही काहीच करायचं नाही. बसायचं."

काकांचा चेहरा उतरला. "पाहुण्याला नुसता पत्ता सांगून द्यायचा होय रे? त्याला स्टेशनवरून हाताला धरून आणायला नको?" त्यांनी विचारलं. भाच्यानं कागदाची घडी करून खिशात घातली.

त्यांच्या इमारतीत एकाच कंपनीचे, एकाच दुकानातून दसऱ्याच्या सेलमध्ये घेतलेले टीव्ही बरेच आहेत. त्यांची नावंही एकच. कंपनीनं दिलेला मॉडेल नंबर कुणी बदललेला नाही. फोननं शोध घेतला की यादीत एकाखाली एक सारखीच नावं येतात. वरच्या मजल्यावर मुलगी बघायचा कार्यक्रम चालू होता त्या दिवशी काकांनी यादीतला चुकीचा टीव्ही दाबला. वरच्या टीव्हीनं रीतसर विचारलं की अमका फोन जोडू पाहतोय, परवानगी द्यायची का? रिमोट तिथल्या धाकट्या मुलाच्या हातात होता. त्याला वाटलं, ताईचे फोटो. त्यानं हो म्हटलं. मुलाकडची मंडळी कांदेपोहे घेऊन बसली होती आणि समोर भिंतीवर बनियनमधले एक गृहस्थ गुडघेदुखीसाठी पाय वर-खाली कसे करावेत ते दाखवायला लागले. खाली काका आपल्या टीव्हीला बोल लावत आवाज वाढवत होते. लग्न ठरलं, हे मुद्दाम सांगतो. मुलाच्या आजोबांनी तो व्यायाम उतरवून घेतला, असंही ऐकलं. त्यानंतर काकांनी आपल्या टीव्हीचं नाव बदलून "नानांचा मोठा" ठेवलं. वरच्यांनी ठेवलं, "हा नानांचा नाही."

वायरीबद्दल मात्र त्यांच्यापुढे बोलू नये. त्यांच्या व्याह्यांच्या साठीच्या समारंभात कार्यालयात भला मोठा पडदा होता आणि काकांनी महिनाभर खपून जुन्या फोटोंचा व्हिडिओ तयार करवून घेतला होता. तिथला पडदा मात्र वायफायमार्फतच जोडायचा होता, आणि कार्यालयाच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर एका पाहुण्याचं यंत्र दुसऱ्याला दिसूच नये अशी व्यवस्था असते. ती सुरक्षिततेसाठी असते आणि योग्यच आहे, पण व्यासपीठावर घाम पुसत उभ्या असलेल्या माणसाला ते कोण सांगणार? माइकवरून तीनशे माणसांना "जरा वायफायवरून उतरा" अशी विनंती झाली. लोक हसले, उतरलं कुणी नाही. शेवटी दहावीतला एक पोरगा उठला, त्यानं खिशातून एक आखूड वायर काढली, एक टोक फोनला, एक पडद्याच्या यंत्राला, आणि व्याही सव्वा वर्षांचे होऊन पडद्यावर रांगायला लागले. टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या. पण जेवताना त्यांनी मठ्ठा परत केला, आणि परतीच्या रिक्षात इतकंच म्हणाले, "वायरनं काय, कुणीही करेल."

या जातीच्या माणसाचं काळीज कुठे असतं ते बघायचं तर रविवारी रात्री आठनंतर त्यांच्याकडे जावं. मुलगी न्यू जर्सीला असते. तिथे सकाळ झालेली असते आणि तिचा व्हिडिओ कॉल येतो. काका तो फोनवर घेतात आणि तातडीनं मोठ्यावर लावतात. लेक भिंतभर दिसते. केस विंचरलेले नाहीत, मागे सिंकमध्ये भांडी आहेत, ओट्यावर पोह्यांचं पाकीट आहे, सगळं काका निरखून घेतात. "बारीक झालीस," म्हणतात. ते पाहतात टीव्हीकडे, पण कॅमेरा तर फोनमध्येच आहे, आणि फोन त्यांच्या उजव्या हातात, कमरेच्या वर, तिरका. तेव्हा लेकीला तिकडून दिसतो तो बापाचा उजवा कान, त्यावरचे पांढरे केस आणि थोडा पंखा.

"बाबा, कान दिसतोय."

"हो का? मला तू पूर्ण दिसतेस!" काका आनंदानं टीव्हीला सांगतात.

तिनं आता ते सांगणं सोडून दिलंय. तिच्या लहान मुलीनं आजोबांचं चित्र काढलं, त्यात एक मोठा कान आणि पंखा होता. काकांनी ते चित्र मोठ्यावर लावून आम्हांला दाखवलं आणि म्हणाले, "तिकडच्या शाळेत असंच मॉडर्न शिकवतात."

परवा मी तिथेच होतो. कान दाखवून झाल्यावर काकूंनी फोन मागून घेतला आणि "आम्हांला जरा बोलायचंय" म्हणून आतल्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं. टीव्ही मात्र फोनला जोडलेलाच राहिला. आवाज आत, फोनवर. चित्र बाहेर, भिंतीवर. काका आणि मी सोफ्यावर बसून मायलेकींचं बोलणं नुसतं पाहत होतो. लेक लक्ष देऊन ऐकत होती. मग ओठ दाबून हसू आवरत होती. मग आवरेना, तशी तिनं टेबलावर डोकं टेकलं. आतून काकूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, एक "वाटीभर पाणी" तेवढं स्पष्ट ऐकू आलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"कशाबद्दल चाललंय कोण जाणे," काका म्हणाले, "पण खूश दिसतेय पोर."

तेवढ्यात लेकीनं डोळे पुसले, चष्मा कपाळावर चढवला, मान वळवली, आणि आपला उजवा कान कॅमेऱ्याला पार चिकटवून, तिकडे भिंतीकडे बघत तोंड हलवायला लागली. 55 इंची पट्टीभर कान. आतल्या खोलीत काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

काका पुढे सरकून बसले. टीव्हीकडे बारकाईनं पाहिलं. रिमोटची पिशवी शोधली, मग ठेवून दिली.

"कान दिसतोय तिचा," ते मला म्हणाले. "तिनंही मोठ्यावर लावलेलं दिसतंय."